कांदा तपासतो, मग तिकीट का नाही?



उन्हाळ्याच्या सुट्टीचे बेत सुरू झाले की माझा फोन वाजू लागतो. आम्ही दोन-तीन वेळा परदेशी जाऊन आलो आणि नियम सांभाळून आलो, ही बातमी आपल्या बायकांत कधीच पसरली आहे. त्यामुळे प्रश्न ठरलेले असतात. "वैनी, सिंगापूरला कांदा-लसूण-बटाट्याशिवाय जेवण मिळतं का?" "पार्कात डबा आत नेऊ देतात का?" "दशम्या किती दिवस टिकतात?" "तिथलं चीज चालतं का, त्यात वासराच्या पोटातलं काहीतरी घालतात म्हणे?" "सूर्यास्त किती वाजता होतो?"

हे सगळे प्रश्न योग्यच आहेत. मी उत्तरं देते, डब्याची यादी पाठवते, दशमी दुधात मळा म्हणून सांगते. पण इतक्या वर्षांत एकाही बाईने मला एक प्रश्न विचारला नाही: "त्या पार्कात प्राण्यांचे खेळ आहेत का?"

आज मला याच एका गोष्टीवर भांडायचं आहे. ताटात काय येतं ते आपण दहा वेळा विचारतो. तिकिटात काय येतं ते एकदाही विचारत नाही. आणि मग अष्टमीला हिरवी भाजी सोडणाऱ्या आपण, चतुर्दशीला एकाशन करणाऱ्या आपण, परदेशातल्या एका कोंडलेल्या जिवाच्या उड्यांवर टाळ्या वाजवून येतो. वर फोटोही पाठवतो.

दुसऱ्यांना बोलण्याआधी माझं सांगते.

आठ वर्षांपूर्वी आम्ही सगळे परदेशी गेलो होतो. हे, मी, दोन मुलं, धाकटे दीर-जाऊ, त्यांची मुलगी आणि सासूबाई. पार्काचं नाव लिहीत नाही, कारण तसलं पार्क काही एकच नाही. दिवसाचा बेत माझ्याकडे होता. बेत म्हणजे काय, तर सकाळी सगळ्यांची सामायिक-पूजा उरकून निघायचं, डबे कोणत्या पिशवीत, दुपारी कुठे बसायचं, संध्याकाळी किती वाजता बाहेर पडलो की आईंचं जेवण दिवस मावळायच्या आत होईल, हे सगळं मी वहीत लिहून काढलं होतं. त्या वहीत दुपारी दोनच्या पुढे लिहिलं होतं, "डॉल्फिन शो, सर्वांनी एकत्र बसणे."

आम्ही पुढच्या रांगेत बसलो. शिट्टी वाजली, दोन डॉल्फिन पाण्याबाहेर झेपावले, लोक ओरडले. मीही ओरडले. प्रत्येक उडीनंतर ती मुलगी कमरेच्या डब्यात हात घालायची आणि एक मासा त्यांच्या तोंडात टाकायची. उडी, मासा. उडी, मासा. शेजारी बादल्या भरून ठेवल्या होत्या, मेलेल्या माशांच्या. त्याच सकाळी मी हॉटेलच्या स्वयंपाक्याला तीनदा विचारलं होतं की आमची भाजी वेगळ्या कढईत केलीस ना. आणि दुपारी मी माशांच्या बादलीपासून दहा पावलांवर बसून हसत होते. त्या बादलीचे पैसे माझ्या तिकिटातून गेले होते.

मधेच आई उठल्या. "मला इथं बसवत नाही," एवढंच म्हणाल्या आणि पायऱ्या उतरून बाहेर बाकावर जाऊन बसल्या. मला रागच आला. एवढ्या महागाचं तिकीट, आणि ह्या उठून जातात! मी समजले, उन्हानं थकल्या असतील. त्यांनी काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

त्याच वर्षी दशलक्षण पर्वात बस्तीत तत्त्वार्थसूत्राचं वाचन होतं. दहा दिवस, दहा अध्याय. सातव्या दिवशी सातवा अध्याय, म्हणजे व्रतांचा. पंडितजी अहिंसाणुव्रताचे अतिचार सांगत होते. लहानपणापासून ऐकलेले आहेत, पाठशाळेत पाठही केलेले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. जिवाला बांधून-कोंडून ठेवणं, मारणं, अवयव कापणं, झेपणार नाही इतकं ओझं लादणं, वेळेवर खाणंपिणं न देणं. पंडितजी बैलाचं उदाहरण देत होते. माझ्या डोळ्यांसमोर बैल नव्हता. निळी टाकी होती, आणि उडी मारल्याशिवाय न मिळणारा मासा होता. मी शेजारी पाहिलं. आई माझ्याकडेच बघत होत्या.

आता नीट बघा. उमास्वामींनी यादी केली तेव्हा बंध पहिला घेतला आणि वध वेगळा घेतला. म्हणजे नुसतं कोंडणं हाच दोष आहे, मग मारा किंवा मारू नका. "तिथे त्यांना कोणी मारत नाही हो, फार प्रेमाने ठेवतात," असं आपण म्हणतो तेव्हा आपण दुसऱ्या अतिचाराचं उत्तर देतो आणि पहिला तसाच राहतो. थायलंडला जाणाऱ्या सहलींत हत्तीवर बसायचा कार्यक्रम असतो. हत्तीच्या पिल्लाला आईपासून तोडून, बांधून, उपाशी ठेवून, मार देऊन माणसाळवण्याची तिथली जुनी रीत आता जगाला ठाऊक आहे. त्यानंतर पाठीवर लोखंडी हौदा आणि दिवसभर माणसं. पाचांपैकी किती अतिचार झाले ते तुम्हीच मोजा.

आपली नेहमीची सुटका असते, "आपण कुठे काय केलं? आपण फक्त बघितलं." मैत्रिणींनो, हे दुसऱ्या कोणी म्हटलं तर समजू शकते. आपण म्हणू शकत नाही. कृत, कारित आणि अनुमोदना, हे तीन आपल्या घरात पाचवीच्या पोरालाही माहीत असतात. स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवून घेणं, आणि केलेल्याला मान देणं. तिकीट काढणं हे कारित. टाळी वाजवणं ही अनुमोदना. मोबाईलवर तो व्हिडिओ चार जणींना पाठवणं ही आणखी चारदा अनुमोदना. आलोचना पाठ म्हणताना आपण या तिन्हींची क्षमा मागतो, पण मागताना मनात असते ती फक्त स्वयंपाकघरातली मुंगी.

आणखी एक. गृहस्थाला सगळी हिंसा सुटत नाही हे आपल्या आचार्यांनीच मान्य केलं आहे. चूल पेटवली, झाडलोट केली की आरंभी हिंसा होते. शेती-व्यापारात उद्योगी होते. स्वतःच्या रक्षणासाठी विरोधी होते. सोडायची ती संकल्पी. आता सांगा, डॉल्फिनचा खेळ यातल्या कोणत्या खणात बसतो? त्यावाचून चूल अडत नाही, धंदा अडत नाही, जीव धोक्यात येत नाही. ज्याचा काही उपयोग नाही अशा पापाला आपल्याकडे स्वतंत्र नाव आहे, अनर्थदंड. गुणव्रतांत त्याचा त्याग सांगितला आहे. सुट्टीतली करमणूक यापेक्षा स्पष्ट उदाहरण मला तरी सापडत नाही.

आणि जीव कोणता? बटाट्यात अनंत जीव आहेत म्हणून आपण तो सोडतो, पण ते जीव एकेंद्रिय. डॉल्फिन पंचेंद्रिय आहे, मन असलेला, संज्ञी. तो मासा नव्हे. हवेत श्वास घेतो, पिल्लाला पोटात वाढवतो, दूध पाजतो. प्रत्येक डॉल्फिनची स्वतःची एक शिट्टी असते, आणि कळपातले दुसरे त्या शिट्टीने त्याला हाक मारतात, हे शास्त्रज्ञांनी अभ्यासून सांगितलं आहे. समुद्रात तो दिवसाला कित्येक किलोमीटर पोहतो. आवाज सोडून, त्याचा प्रतिध्वनी ऐकून तो आजूबाजूचं सगळं जाणतो. आणि टाकीत? चारी बाजूंनी भिंत. आपल्या परंपरेत तर संज्ञी पंचेंद्रिय तिर्यंचाला सम्यग्दर्शन होऊ शकतं, तो अणुव्रतंही घेऊ शकतो. भगवान महावीरांच्या जिवाला सिंहाच्या भवात मुनींचा उपदेश लाभला, हे आपण दर महावीर जयंतीला ऐकतो. तो सिंह खेळ करायला पिंजऱ्यात असता तर?

आता माहितीचं बोलू, कारण नुसत्या भावनेनं घरातले पुरुष ऐकत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

आपल्याकडून सर्वांत जास्त कुटुंबं जातात ती सिंगापूरला. तिथल्या सेंटोसा बेटावर एका दिवसाची सहल असते. बेटावर युनिव्हर्सल स्टुडिओज आहे आणि जवळच त्याच संकुलातल्या जलक्रीडा उद्यानात डॉल्फिन आयलंड आहे. त्यासाठी सॉलोमन बेटांच्या समुद्रातून पकडलेले 27 डॉल्फिन विकत घेतले गेले. समुद्रातून, म्हणजे त्यांच्या कळपातून. त्यातले दोन 2010 साली मलेशियातल्या लंकावीत, सिंगापूरला पोचायच्या आधीच, आजारी पडून मेले. तिसरा नोव्हेंबर 2012 मध्ये सिंगापूरला आणताना विमानातच मेला. हे काही गुप्त नाही, तेव्हाच्या वर्तमानपत्रांत आलेलं आहे.

मुलीकडे किंवा मुलाकडे अमेरिकेला जाणाऱ्या मैत्रिणी ऑरलँडोला जातात. तिथल्या सीवर्ल्डमध्ये टिलिकम नावाचा ऑर्का होता. 1983 साली आइसलँडजवळच्या समुद्रात त्याला पकडलं तेव्हा तो दोनएक वर्षांचा होता. त्यानंतर 2017 साली मरेपर्यंत तो कैदेतच राहिला. 2010 साली त्याने आपल्याच प्रशिक्षिकेचा जीव घेतला. त्याच्यावर 2013 साली माहितीपट निघाला, लोकांनी जाणं कमी केलं, आणि 2016 साली त्या कंपनीला जाहीर करावं लागलं की यापुढे आम्ही ऑर्कांची पैदास करणार नाही. हे कशानं झालं? तिकिटं न काढल्यानं झालं. आपण एकट्यानं न गेल्यानं काय फरक पडतो, असं विचारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आणि आपला देश? 1998 साली चेन्नईजवळ परदेशातून डॉल्फिन आणून खेळ सुरू केला होता. काही महिन्यांत ते मेले. 2013 साली केंद्राने राज्यांना कळवलं की डॉल्फिनच्या खेळाच्या प्रस्तावांना परवानगी देऊ नये. कॅनडाने 2019 साली, फ्रान्सने 2021 साली याविरुद्ध कायदे केले. म्हणजे बघा, जी गोष्ट आपल्या सरकारने इथे होऊ दिली नाही, ती बघायला अहिंसा परमो धर्मः म्हणणारे आपण विमानानं जातो. फ्रान्समधले लोक काही कंदमूळ सोडून बसलेले नाहीत. त्यांना कळलं, आणि आपल्याला कळायला उशीर व्हावा?

आता तुमचे आक्षेप घेते. मला ते सगळे तोंडपाठ आहेत, कारण त्यातले निम्मे मी स्वतः केले आहेत.

"मुलांना प्राण्यांची ओळख होते." कसली ओळख? मूल काय शिकतं, तर मोठा प्राणी आपल्या शिट्टीवर नाचतो, आणि नाचला की खायला मिळतं. हे शिकायला एवढा खर्च कशाला? मालवणच्या किंवा दापोलीच्या समुद्रात थंडीच्या दिवसांत मोकळे डॉल्फिन दिसतात. नावाडी भला असला, पाठलाग न करता लांब होडी थांबवणारा असला, तर दूर एक काळी पाठ वर येते आणि जाते. तेवढंच दिसतं. मुलाला ती ओळख पुरे.

"मग दूध कसं चालतं? रेशीम, मोती?" हा प्रश्न माझ्या मुलीने विचारला होता, आणि तो खरा आहे. रेशमी साडी मी पूजेला नेसायची बंद केली आहे. दूध सुटलेलं नाही. आपल्या काही तरुण मुलांनी तेही सोडलं आहे, मी त्यांच्यापुढे हात जोडते. पण एक चूक अजून सुटली नाही म्हणून दुसरी करायला मोकळीक मिळते, हा हिशेब कोणत्या शास्त्रात आहे? उपवास झेपत नाही म्हणून कोणी रात्रीभोजन सुरू करत नाही.

"तुम्ही दुसऱ्यांच्या डॉल्फिनचं काय सांगता? आपल्याच मठात हत्तीण होती." हा आक्षेप कोल्हापूर-सांगलीकडच्या बाईला टाळता येत नाही. जुलै 2025 मध्ये नांदणी मठातली महादेवी, आपली माधुरी, न्यायालयाच्या आदेशानं जामनगरला वनतारात नेली, त्या दिवशी मीही रडले. तीसहून जास्त वर्षं ती तिथे होती. त्या वादात कोण बरोबर, हे मी इथे लिहिणार नाही. भांडणाऱ्या सगळ्यांनी एकच म्हटलं, हत्तिणीचं भलं व्हावं. पण त्यानंतर एक गोष्ट मला झोपू देत नव्हती. माधुरीला आपण नावानं ओळखत होतो, तिच्या डोळ्यांत पाणी आलं असं एकमेकींना सांगत होतो. मग परदेशातल्या जिवाच्या डोळ्यांत आपल्याला काहीच का दिसत नाही? आणि उलटही. तिच्या पायातली साखळी बघताना मला बंध हा शब्द कधी का आठवला नाही? हे दोन्ही प्रश्न मी स्वतःला विचारते. उत्तर सोपं नाही. पण उत्तर अवघड आहे म्हणून तिकीट काढणं योग्य ठरत नाही.

"मग परदेशी जाऊच नये की काय?" हे मी मुळीच म्हणत नाही. आपल्यातल्या काही ज्येष्ठ म्हणतात, प्रवासात धर्म पाळता येत नाही, घरी बसा. काही तरुण म्हणतात, प्रवासात धर्म गुंडाळून ठेवा, आल्यावर प्रायश्चित्त घ्या. मला दोन्ही पटत नाही. मुलांनी पाळण्यात बसून किंचाळावं, यात पाप नाही. बेत नीट केला तर दिवसही छान जातो आणि नियमही राहतो. यंदा मेमध्ये आम्ही सिंगापूरला जातोय, आईंसकट. सेंटोसाच्या दिवसाचा बेत असा केला आहे, उपयोगी पडला तर घ्या.

पहिलं काम, सहल कंपनीनं पाठवलेला कार्यक्रम ओळ न ओळ वाचणे. आमच्या कागदावर "सेंटोसा, पूर्ण दिवस" एवढंच ठळक होतं. खाली बारीक अक्षरांत डॉल्फिनसोबत फोटो. मी फोन केला, ते काढा म्हणाले. ते म्हणाले, "मॅडम, काढलं तरी पैसे तेवढेच." मी म्हटलं, "पैसे तेवढेच घ्या, नावं काढा." कारणही सांगितलं. जेवणात कांदा नको हे त्यांना दहा वर्षांपूर्वी आपणच शिकवलं ना? आज प्रत्येक सहलीच्या कागदावर "जैन जेवण उपलब्ध" छापलेलं असतं. ते कोणी कृपेनं छापलेलं नाही. आपल्या बायकांनी विचारून विचारून ते छापायला लावलं आहे. "प्राण्यांचे खेळ नाहीत" हेही असंच छापून येईल, पण आधी विचारावं लागेल.

दुसरं, दिवस युनिव्हर्सलला द्या. तिथे जुरासिक पार्कचा भाग आहे. तिथले डायनासोर यंत्राचे, कोणालाही समुद्रातून पकडून आणलेलं नाही, आणि तरी मुलं आईला घट्ट धरतात. तराफ्यातून जायचा खेळ आहे, त्यात नखशिखांत भिजायला होतं, म्हणून कपड्यांचा एक जोड जास्त ठेवा. वॉटरवर्ल्डचा खेळ आहे, त्यात पाण्यात उड्या मारतात ती माणसं, राजीखुशीनं आलेली आणि पगार घेणारी. टाळ्या तिथे वाजवा, हात दुखेपर्यंत.

तिसरं, वेळ. सिंगापूर विषुववृत्ताजवळ असल्यानं तिथे सूर्य वर्षभर सातच्या आसपास उगवतो आणि सातच्या आसपास मावळतो. फरक पडतो तो थोड्या मिनिटांचा. म्हणजे युरोपातल्या उन्हाळ्यासारखी रात्री साडेनऊपर्यंत सवलत नाही. पावणेपाचला पार्कातून निघा. सेंटोसाच्या मोनोरेलने हार्बरफ्रंट, तिथून जांभळ्या मार्गाच्या मेट्रोने गाडी न बदलता लिटल इंडिया. सेरंगून रोडवर शाकाहारी उपाहारगृहं आहेत, कोमल विलास तर 1947 पासूनचं. पावणेसहाला ताटावर बसलात तर सावकाश जेवण होतं. "जैन" म्हटलं की सगळ्यांना कळेलच असं नाही. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, आलं, एकेक नाव घेऊन सांगा.

चौथं, डबा. दशम्या, तिखट पुऱ्या, मेतकूट, शेंगदाण्याची बिनलसणाची चटणी. आत काय नेऊ देतात ते आदल्या दिवशी विचारून घ्या, नियम बदलत असतात. नेऊ देत नसतील तर आत शिरण्याआधी बाहेर पोटभर खाऊन घ्या. आणि डबे, पिशव्या, टोप्या सांभाळत दिवसभर एकाच बाईने बाकावर बसायचं, हे बंद करा. आमच्याकडे यंदा तासातासाची पाळी लावली आहे. त्यात यांचं आणि दिरांचंही नाव आहे.

पाचवं, मुलांना आधी सांगा. पार्काच्या दारात "नाही" म्हटलं की रडारड होते. घरी बसून सांगितलं तर मुलं आपल्यापेक्षा लवकर समजतात. नेमिनाथांची कथा त्यांना माहीत असतेच. वरात निघाली आहे, वाजंत्री आहे, आणि वाटेत वाड्यात कोंडलेल्या पशूंचा आक्रोश ऐकू येतो. बरोबरच्या सगळ्यांना तो ऐकू आला असणार. थांबले ते एक कुमार नेमिनाथ. सारथ्याला विचारलं, हे पशू इथे का कोंडले? आपल्याच लग्नासाठी, हे कळल्यावर रथ फिरवला तो गिरनारकडे. आपल्याला गिरनार चढायला कोणी सांगत नाही. फक्त सारथ्याला तेवढा एक प्रश्न विचारायचा आहे.

ऑरलँडोला जाणाऱ्यांसाठी एक सूचना. नुसत्या नावावर जाऊ नका. डिस्नेची तिथे चार पार्कं आहेत, त्यातल्या ॲनिमल किंगडम आणि एपकॉटमध्ये जिवंत प्राणी ठेवलेले आहेत. बाकी दोघांतच दोन-तीन दिवस सहज जातात. दुबईलाही डॉल्फिनचा खेळ आहे, आणि सहलीच्या कागदावर तो "मुलांसाठी आकर्षण" म्हणून येतो. प्रत्येक ठिकाणी प्रश्न तोच.

मागच्या आठवड्यात मी आईंना वही वाचून दाखवली. त्या आता अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. दुपारी दोनच्या पुढे काय लिहिलंय ते त्यांनी मुद्दाम विचारलं. मी म्हटलं, "आई, तिथे सावलीत बसायचं, तुमची जपमाळ, आणि पोरं तराफ्यात." त्या वेळी का उठलात, हे मी आठ वर्षांनी त्यांना विचारलं. म्हणाल्या, "तो मासा खायला दिला ना, तेव्हा त्यानं आधी तिच्या तोंडाकडं बघितलं. आमच्या लहानपणी गड्याची पोरं अशी बघायची, भाकरी मिळंल का नाही म्हणून." आणि मग म्हणाल्या, "तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. तुझा दिवस खराब होईल म्हणून गप्प बसले."

मैत्रिणींनो, म्हणून मी गप्प बसत नाही. तुमचा दिवस थोडा खराब झाला तरी चालेल. बेत करणाऱ्या आपणच आहोत. कांद्यासाठी जो फोन करता, त्याच फोनवर हा एक प्रश्न जास्त विचारा.

माझ्या बोलण्यानं कोणाचं मन दुखावलं असेल तर उत्तम क्षमा. मुद्दा मात्र मागे घेत नाही.

जय जिनेंद्र.